देशावरच्या टेबलावर निवट्या

परवा आमची धाकटी शाळेतून आली ती सांगतच आली, की शाळेत पाककलेची स्पर्धा आहे आणि परीक्षक म्हणून कुणाच्या तरी वडलांना बोलवायचं आहे. मी पेपरात डोकं घालून ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आतून तिच्या आईचा आवाज आला, "यांचं नाव देऊ नकोस हो. हे बाद करतात."

एवढं बोलून ती पुन्हा नारळ खवायला लागली. पोरीने माझ्याकडे बघितलं. मी पान उलटलं.

ह्या वाक्यामागे आमच्या घरात एक गोष्ट आहे आणि ती जो तो आपापल्या परीने सांगतो. आई सांगायची तेव्हा सगळं तिच्यामुळे घडलेलं असायचं. बायको सांगते त्यात मी जवळजवळ नसतोच. म्हणून एकदा माझ्या बाजूने लिहून ठेवतो. माझी बाजू फारशी शोभिवंत नाही, पण आहे ती माझी आहे.

माझी नोकरी तेव्हा रेवसच्या धक्क्यावर. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून ये-जा करणाऱ्या लाँचची तिकिटं द्यायची. खिडकी एवढीशी, की माणसाचा हात दिसला तर तोंड दिसायचं नाही. तिथे बसून मी माणसं ओळखायला शिकलो, म्हणजे चुकीची ओळखायला शिकलो. मुंडासं बांधलेला आणि पाण्याकडे बघून गप्प झालेला दिसला, की मी मनात म्हणायचो, घाटी. लाँचला उशीर का म्हणून विचारणारा मुंबईकर. आणि उशीर का झाला ते उलट मलाच समजावून सांगणारा असला, की तो नक्की पेणचा. असले शिक्के मारायला पैसे पडत नाहीत आणि चुकले तरी कुणी परत आणून देत नाही. तिकीट चुकलं तर निदान पगारातून कापतात.

गावानेही माझ्यावर एक शिक्का मारून ठेवला होता. खवट. नारळ खवट निघाला की पहिल्या घासाला कळतं, तसा मी पहिल्या वाक्याला कळतो, असं लोकांचं म्हणणं. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढली की मी म्हणायचो, पाक कच्चा राहिलाय. बारशाच्या घुगऱ्या हातावर पडल्या की म्हणायचो, मीठ वर राहिलंय, आत शिरलेलं नाही. मी फक्त खरं बोलत होतो. पण खरं बोलायला जेवणाच्या पंगतीइतकी वाईट जागा नाही, हे मला अजूनही पुरतं पटलेलं नाही.

आता बायकोचा शिक्का. माझ्या सासऱ्यांचं मूळ घर सातारा जिल्ह्यात. ते सरकारी कारकून, बदलून पालीला आले, बल्लाळेश्वराच्या देवळाजवळ बिऱ्हाड केलं आणि तिथूनच त्यांनी मुलगी मला दिली. पाली म्हणजे काही परमुलूख नव्हे, आमच्याच कुलाबा जिल्ह्यातलं गाव. पण पालीला समुद्र नाही. आणि आमच्या गावाच्या लेखी जिथे खारा वारा संपतो तिथून पुढे सगळा घाट.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. आईने शेजारणीकडून निवट्या घेतल्या. निवटी हा खाडीच्या चिखलातला बोटभर मासा. ओहोटीला चिखलावर उड्या मारत हिंडतो, डोळे डोक्याच्या वर, अंग बुळबुळीत, आणि पाण्याबाहेर काढला तरी मरायची घाई करत नाही. आमच्याकडे निवट्या जिवंतच आणतात, टोपात ठेवतात, वर झाकण आणि झाकणावर पाट्याचा वरवंटा. नव्या सुनेला सासूला मदत करायची होती. तिने वाटण वाटायला म्हणून वरवंटा उचलला.

पुढचं सगळं गावाला पाठ आहे. निवट्या झाकण ढकलून निघाल्या. काही चुलीमागे गेल्या, काही पाण्याच्या हंड्याखाली, एक सरळ देवघरात. बायको पाटावर चढून ओरडली, "आई, सरडे! घरात सरडे शिरले हो!"

निवट्या देऊन गेलेली शेजारीण अजून अंगणातच होती. ती आगरी, तिच्या घरची माणसं मिठागरात खपणारी, आणि तिचा आवाज असा, की भरतीच्या वेळी खाडीच्या पलीकडच्या काठाला ऐकू जावा. ती ओट्यावर बसून हसली.

"काकी, तुजी सून निवट्यांना सरडं म्हन्ते गो! घाटीण हाय घाटीण!"

झालं. त्या दिवसापासून ती घाटीणवहिनी. मुलं झाल्यावर घाटीणकाकू. थोरला शाळेत जायला लागला तेव्हा तो घाटिणीचा थोरला. वाईट हेतूने कुणी म्हणत नव्हतं, हीच तर पंचाईत. वाईट हेतूने म्हटलं असतं तर भांडता आलं असतं.

बायको हट्टाची. तिने बोंबील साफ करायला शिकून घेतले, कोलंबी सोलायला शिकली, वाकट्या कुठल्या उन्हात सुकवायच्या ते शिकली. निवट्या राखेत चोळून त्यांचं बुळबुळीतपण कसं काढायचं, तेही आईच्या हाताखाली शिकली. पुढे पुढे तर आई आजारी असली की घरातलं सगळं मासळीचं तीच करायची. पण शेजारणी वाटी चाखून म्हणायच्या, "घाटीण असून बरं करते हो!" तिच्या कालवणाला कधी कुणी नावं ठेवली नाहीत. तिला नुसतं कौतुक मिळायचं, लहान पोराने पहिल्यांदा धोतर नेसलं की मिळतं तसं. दहा-बारा वर्षं असं कौतुक खाल्लं की माणसाला ते जड जातं. मला ते कळत होतं असं मी म्हणणार नाही. मला वाटायचं, बरं म्हणतात ना लोक, मग झालं.

महाराष्ट्र राज्य होऊन एकदोन वर्षं झाली असतील. आमच्या गावाला एक ग्रामसेविका आली. सोलापूरकडची, तरुण, सायकलवर बसणारी, आणि उत्साह इतका, की ती आली की कोंबड्या बाजूला व्हायच्या. तिने महिला मंडळ काढलं, शिवणाचा वर्ग काढला आणि मग म्हणाली, आता पाककृतींची स्पर्धा घेऊ. उद्देश काय, तर गावातल्या सगळ्या समाजांनी एकमेकांच्या जेवणाची ओळख करून घ्यावी, म्हणून प्रत्येक पद्धतीचं टेबल वेगळं. आता आमच्या गावात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे वारा कुठून येतो ते बघून सांगता यायचं. आणखी ओळख ती कसली करून घ्यायची? हे मी सभेत बोललो. त्याची शिक्षा म्हणून मला परीक्षक नेमलं. दुसरे परीक्षक शाळेचे हेडमास्तर. तिसऱ्या परीक्षक तालुक्याच्या साहेबांच्या पत्नी, त्या जीपने येणार होत्या.

मग दिवस ठरवायला सगळे बसले. आमच्याकडच्या होड्या उधाणात जातात, कारण डोल जाळ्याला जोराचं पाणी लागतं. पुनवेचं उधाण उतरलं की होड्या मासळी घेऊन परत येतात. म्हणून पुनवेनंतरचा रविवार घ्यायचा ठरला. मी धक्क्यावरचा माणूस, लाँच कधी धक्क्याला लागेल आणि कधी चिखलात बसेल हे तिथीवरूनच सांगायचो. मी म्हणालो, बरोबर, त्या दिवशी दुपारी भरती आहे, कुणाला मुंबईहून यायचं असेल तर लाँचही मिळेल. होडी हाकणाऱ्या एका म्हाताऱ्या तांडेलाने खात्री करायला बोटं मोजली. पुनव, पाडवा, बीज, तीज, चौथ. पाणी बरोबर जमलं. चौथ हा शब्द भरल्या सभेत मोठ्याने उच्चारला गेला, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. आम्ही तिथी पाण्यासाठी मोजत होतो. देवासाठी मोजली असती तर पुनवेनंतरची चौथ म्हणजे संकष्टी, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

बायकांच्या लक्षात आलं, पण तोवर साहेबांकडे निरोप गेला होता, जीप ठरली होती. संकष्टीचा उपास आमच्या गावात बहुतेक घरांतून बायका करतात, मग त्या कोळ्यांच्या असोत की आगऱ्यांच्या. आता हे बोलून दाखवावं तर लोक म्हणणार, ही स्पर्धेला घाबरली. म्हणून कुणीच बोललं नाही. आमच्या घरात आईने निवाडा दिला, "शिजवायला काय होतंय? पोरं खातातच की घरात. आपण तोंडात घालायचं नाही, म्हणजे झालं." असाच निवाडा घरोघरी झाला असणार.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी धक्क्यावरून आलो. बायकोने चहा पुढे ठेवला आणि उभीच राहिली. ती उभी राहिली की काहीतरी असतं.

"मी नाव दिलंय," ती म्हणाली.

"कशात?"

"स्पर्धेत. निवट्यांचं कालवण."

"अगं, मी परीक्षक आहे."

"म्हणून तर सांगतेय. मला नंबर द्यायचा नाही."

"आणि चांगलं झालं तर?"

"झालं तर होऊ दे. नंबर मिळाला तर लोक म्हणणार, नवऱ्याने दिला. मला बक्षीस नकोय. माझं भांडं खाडीवाल्यांच्या टेबलावर ठेवायचंय, शेजारच्या वहिनींच्या भांड्याला लागून. त्यांच्या कालवणाला जे म्हणतील ते माझ्याला म्हणावं, चांगलं नाहीतर वाईट. घाटीण असून, असं म्हणायचं नाही. एवढंच."

मी म्हणालो, "एवढंच ना? मग त्यात काय."

ह्या "त्यात काय" ची किंमत मला दुसऱ्या दिवशी कळली.

शाळेच्या मोठ्या खोलीत बाकं जोडून टेबलं केली होती, वर धुतलेल्या चादरी. प्रत्येक टेबलावर ग्रामसेविकेने सुरेख अक्षरात पाटी लावली होती. एकावर "समुद्राकडची पद्धत", तिथे कोळणींची भांडी. दुसऱ्यावर "खाडीकडची पद्धत", तिथे आगरी घरांतली. तिसऱ्यावर "मुसलमानी पद्धत", तिथे आमची लाँच चालवणाऱ्या सारंगाच्या घरून आलेलं एकच भांडं, वर भरतकामाचा रुमाल. आणि कोपऱ्यात चौथं टेबल, "देशावरची पद्धत". तिथे ग्रामसेविकेने स्वतः केलेला झुणका आणि ज्वारीच्या भाकऱ्या. चौथ्या टेबलाची गरज कुणाला होती, असं मी विचारणार होतो, पण मी परीक्षक होतो आणि परीक्षकाने सुरुवातीला गप्प बसायचं असतं, असं हेडमास्तरांनी मला बजावलं होतं.

बायको आली, पदर खोचलेला, हातात कल्हई केलेलं पातेलं. ते तिने खाडीकडच्या टेबलावर शेजारणीच्या पातेल्याजवळ ठेवलं. ग्रामसेविका धावली.

"काकू, तुमचं इकडे हं." आणि पातेलं उचलून देशावरच्या टेबलावर.

बायकोने ते परत आणलं. "हे निवट्यांचं कालवण आहे, बाई."

"हो ना, पण तुम्ही देशावरच्या ना? सगळेच सांगतात. आणि माझं टेबल बघा किती रिकामं दिसतंय." पातेलं पुन्हा तिकडे.

"निवटी बघितलीय का तुम्ही साताऱ्याला कधी?"

"मी सोलापूरची, काकू. मी निवटीच बघितलेली नाही."

खोलीत हशा पिकला. ग्रामसेविकाही हसली, तिच्या मनात काही नव्हतंच. बायकोने तिसऱ्यांदा पातेल्याला हात घातला तेव्हा हेडमास्तर पुढे झाले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "जाऊ द्या हो वहिनी. टेबल कुठलं का असेना!"

टेबल कुठलं का असेना, हे ज्याचं टेबल आधीच ठरलेलं असतं तोच म्हणतो. बायको मागे जाऊन आईशेजारी बसली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही, आणि मी पाटीवरचं अक्षर किती सुरेख आहे ते बघत राहिलो.

जीप आली. साहेबांच्या पत्नी आल्या, गुलाबपाणी झालं, फुलं झाली. बाई भल्या होत्या. त्यांनी एकेका टेबलावरून हात जोडत फेरी मारली, खोल श्वास घेतला आणि म्हणाल्या, "काय वास सुटलाय! पण अहो, आज संकष्टी आहे ना?"

ग्रामसेविकेचा चेहरा बघवेना. बाईंनाच वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "मला नाही चालणार, पण मास्तर आहेत की."

हेडमास्तरांनी खाकरून घेतलं. "मलाही घरी जरा... करावा लागतो."

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडायच्या आत शेजारणीचा आवाज आला.

"ह्यो खवट हाय ना! ह्याला कुठला उपास? एकादशीला धक्क्यावर भजी खाताना मीच बघितलाय!"

आई वळून माझ्याकडे बघायला लागली. एकादशीची गोष्ट तिला ठाऊक नव्हती. अशा रीतीने मी एकटा परीक्षक झालो, आणि घरी वेगळ्या खटल्यात आरोपीही.

मी समुद्राकडच्या टेबलापासून सुरुवात केली. पहिलं कालवण तोंडात घातलं. मिठाचा पत्ता नाही. दुसरं घेतलं, तर मीठ दुप्पट, बहुधा सासूने टाकलं आणि सुनेनेही टाकलं. तिसऱ्यात आमसुलं इतकी, की माझा डावा डोळा आपोआप मिटला. मी पाण्याचा तांब्या मागितला. लोकांना वाटलं, खवटपणा सुरू झाला. मी एकीला हळूच विचारलं, "चव घेतली होती का?"

"घेनार कशी? उपास हाय ना आज!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या खोलीतल्या एकाही बाईने आपलं कालवण चाखलं नव्हतं. वर्षानुवर्षांच्या हातांनी अंदाजाने शिजवलं होतं आणि नेमका त्याच दिवशी स्पर्धेच्या काळजीने सगळ्यांचा हात बिघडला होता. जन्मभर मी ज्या तक्रारी केल्या त्या सगळ्या त्या दिवशी खऱ्या होत्या, आणि एकही करता येत नव्हती. अपवाद एकच. सारंगाच्या घरून आलेलं भांडं. त्या घरात संकष्टी नव्हती, त्यामुळे मीठ जिथल्या तिथे होतं. तिथे मी एक चमचा ज्यादा खाल्ला आणि नंबर देऊन टाकला. कोळणींच्या टेबलावर त्यातल्या त्यात निभावलेल्या पापलेटाला दिला. खाडीच्या टेबलावर शेजारणीच्या निवट्यांना. तिखट इतकं होतं की कान गरम झाले, पण खाली निवटी लागत होती, तोंडात विरघळत होती.

राहिलं चौथं टेबल.

तोवर मी बक्षिसं नीट बघितली नव्हती. प्रत्येक टेबलाला एक स्टेनलेसचा डबा, त्या वेळी गावात नवलाईचा. ग्रामसेविकेने हौसेने सगळे डबे आधीच कोरून आणले होते. मी देशावरच्या टेबलावरचा डबा हातात घेतला. त्यावर ठसठशीत कोरलेलं, "प्रथम, देशावरची पद्धत". आत कमीतकमी पाच शेर पीठ मावेल असा डबा. रोज सकाळी भाकरीला पीठ घेताना हातात येणारा. मोडणार नाही, गंजणार नाही, मुलींना द्यायचा म्हटला तरी संपणार नाही असा.

त्या टेबलावर दोनच वस्तू होत्या, झुणका आणि निवट्या. मी निवट्यांचा चमचा तोंडात घातला. मसाला आईचाच, लसूण ठेचून नीट, निवट्या कुठे तुटल्या नव्हत्या. चिंच मात्र हवी त्याच्यापेक्षा जास्त पडली होती. पण झुणका बिचारा झुणकाच होता. उपास करणाऱ्या, न करणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तर नंबर कुणाचा ते उघड होतं.

मी मागे बघितलं. बायको माझ्याकडे बघत नव्हती. ती डब्याकडे बघत होती. लांबून अक्षरं तिला वाचता येत होती.

माझा स्वभाव आयुष्यात एकदाच कामाला आला तो तेव्हा. मी चमचा खाली ठेवला आणि पंगतीत जिलबीविषयी बोलतो त्याच आवाजात म्हणालो, "हे कालवण बाद."

"बाद?" ग्रामसेविका म्हणाली.

"बाद. टेबल देशावरच्या पद्धतीचं. ह्यात देशावरचं काय आहे? निवट्या आपल्या खाडीतल्या, मसाला आमच्या आईचा, चिंच आमच्या परसातली. देशावरची पद्धत ह्याला म्हणता येत नाही. पहिला नंबर झुणक्याला."

"अहो, माझ्या झुणक्याला कसा?" तिला रडू यायचं बाकी होतं. "तो मी नुसता टेबल भरायला ठेवलाय!"

खोलीत एकच गलका झाला. मागून कुणीतरी म्हणालं, "खवट तो खवटच. बायकोलाही सोडलं नाही!" साहेबांच्या पत्नी गोंधळून हेडमास्तरांकडे बघत होत्या, हेडमास्तर छताकडे.

आई उठली. तिला उपास नव्हता. डॉक्टरांनी बंद केले होते, आणि डॉक्टरांचं तेवढं एकच ती ऐकायची. "मी शिकवलेलं कालवण बाद कसं होतं ते बघते," म्हणत ती टेबलाशी आली, हातावर रस्सा घेतला, तोंडात टाकला. मग वळून सुनेला म्हणाली, "अगं, चिंच केवढी घातलीस? दहा वर्षं माझ्या हाताखाली काढलीस आणि चिंच कळू नये?"

शेजारीण खाऊ शकत नव्हती, पण तिने पातेल्यावर वाकून वास घेतला. "व्हय गो काकी. वासानंच कळतंय. ह्या वहिनीला मी मागंच सांगितला होता, निवटीला चिंच जपून टाक. ऐकल तं शप्पत!"

तिच्या मागची दुसरी म्हणाली, "आन् रस्सा पन पातळ हाय."

मग बायको उठली. तिला इतक्या मोठ्याने बोलताना गावाने त्याआधी एकदाच ऐकलं होतं, पाटावर चढून.

"उपास आहे म्हणून चव घेतली नाही! तुम्ही तरी कुणी घेतलीत? तुमच्या पातेल्यात तिखट किती पडलंय ते विचारा ह्यांना! पहिला नंबर दिलाय, पण कान बघा कसे लाल झालेत!"

"आगो बया, मना बोलतंय!" शेजारणीने कमरेवर हात ठेवले. "माज्या तिखटाला नाव ठेवतंय!"

"ठेवणारच. तुम्ही माझ्या चिंचेला ठेवलीत!"

मग आमसुलं की चिंच, लसूण ठेचायचा की चिरायचा, ह्यावर जी जुंपली ती साहेबांच्या पत्नींनी मोठ्या आवडीने ऐकली. मीही ऐकत होतो. इतक्या बोलण्यात "घाटीण असून" एकदाही आलं नाही. भांडताना सवलत द्यायची कुणाला आठवली नाही. आणि ह्या गडबडीत कधीतरी कुणीतरी बायकोचं पातेलं उचलून खाडीच्या टेबलावर शेजारणीच्या पातेल्यासमोर ठेवलं, तुलना करून दाखवायला. कुणी ठेवलं ते आजवर कळलेलं नाही. आई म्हणायची, मी ठेवलं. शेजारीण म्हणते, मी. दोन्ही पातेली एकमेकांना टेकून होती.

घरी जाताना आई पुढे चालत होती, एकादशीच्या भज्यांविषयी मोठ्याने बोलत. बायको माझ्या बाजूने. तिने विचारलं, "खरंच जास्त होती चिंच?"

"होती."

"किती?"

"कोळ थोडा कमी चालला असता."

"हं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी उरलेलं कालवण भाकरीशी खाताना तिने पहिल्यांदा चाखलं आणि स्वतःशीच म्हणाली, "जास्तच आहे की." असं समाधानाने कुणी आपली चूक मान्य केलेली मी बघितली नव्हती. मी मात्र गावात बायकोला बाद करणारा म्हणून प्रसिद्ध झालो. खवट होतोच, आता त्याला पुरावा मिळाला. गावातली पोरं खिडकीशी येऊन विचारायची, "काका, आज कुणाला बाद केलंत?"

ह्याच्यानंतर आठवडाभराने ग्रामसेविका आमच्या घरी आली. तिला निवट्या करायला शिकायचं होतं. स्पर्धेचा डबा तिने बरोबर आणला होता, म्हणाली, काकू, हा तुमचाच. बायको म्हणाली, "छे, मला त्या पद्धतीचा डबा शोभायचा नाही." मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या. मी ओसरीवर पेपर घेऊन बसलो होतो. आई जपमाळ घेऊन भिंतीला टेकली होती. सकाळीच शेजारणीने ताज्या निवट्या आणून दिल्या होत्या, वर जपून चिंच घालायची ताकीदही दिली होती. टोपावर झाकण, झाकणावर वरवंटा.

बायको परसात चिंच आणायला गेली. ग्रामसेविका उत्साही. बसून राहणं तिला जमत नव्हतं. लसूण तरी ठेचून ठेवू, असं तिला वाटलं असावं.

आतून एक किंकाळी आली. "काकू! काकू, बेडूक! घरात बेडूक आलेत हो!"

परसातून बायको धावत आली, पदर खोचलेला, हातात चिंचेचं बुटुक. दारात उभं राहून तिने पाटावर चढलेल्या ग्रामसेविकेकडे बघितलं, चुलीमागे, हंड्याखाली पसरलेल्या निवट्यांकडे बघितलं आणि आमच्या शेजारणीच्या आवाजात, शेजारच्या घरापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "घाटीण कुठची!"

आई जपमाळ बाजूला ठेवून हसायला लागली. मी पेपर खाली घेतला. बोलावं की नाही ह्या विचारात होतो, तेवढ्यात एक निवटी उंबरा ओलांडून सरळ देवघराकडे निघालेली दिसली, आणि मी तिच्यामागे गेलो.